पूल मुरायला इतका वेळ का लागतो? बॉल हुकला की नेमकं काय चुकलं हे कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पूल (टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळायला लागून मला सव्वा वर्ष झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड-दोन तास. त्याआधी दहा वर्षं बॅडमिंटन खेळले आहे, लहानपणी कॅरम भरपूर. दोन्हींत वर्षभरात हात बसला होता. पूलमध्ये मात्र आठ-नऊ महिने मी आहे तिथेच आहे. एट बॉलमध्ये (आपल्या गटाचे बॉल घालून शेवटी काळा घालायचा प्रकार) एका दमात तीन बॉल घालते, चौथ्याच्या वेळी पांढरा नको तिथे जाऊन बसतो. हा खेळ मला मनापासून आवडलाय आणि नीट शिकायचाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

घरचे म्हणतात, "बॉल जागचा हलत नाही, पळायचं नाही, समोरचा अडवत नाही, मग एवढं अवघड काय आहे?" बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार. पण बॅडमिंटनमध्ये शटल नेटमध्ये गेलं की मला तिथल्या तिथे कळायचं, पाय उशिरा पोचला की मनगट लवकर वळलं. दहा फटक्यांत दहा वेळा उत्तर मिळायचं, अकरावा सुधारायचा. पूलमध्ये बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून परत येतो, तेव्हा त्यामागे चार कारणं असू शकतात. नेम चुकला असेल. नेम बरोबर होता, पण क्यू वाकडा आला असेल. क्यू सरळ आला, पण टिप (क्यूचं टोक) पांढऱ्याच्या मध्यापासून जरा बाजूला लागून साइड (बाजूची फिरकी) बसली असेल. किंवा हे सगळं ठीक होतं, पण कट (समोरच्या बॉलला एका अंगाने लागणारा तिरका शॉट) हळू मारल्यामुळे दोन बॉल एकमेकांना घासले आणि समोरचा बॉल ओढला गेला. याहून वाईट म्हणजे कधी दोन चुका एकमेकींना झाकतात, बॉल आत जातो, आणि हात ती चूकच पाठ करून बसतो. माझ्या मते पूलची खरी अडचण हीच आहे.

पॉकेटच लहान असतं का, म्हणून मापं बघितली. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिलिमीटर, बॉल ५७ चा, म्हणजे दुप्पट जागा. बास्केटबॉलचं कडं ४५.७ सेंटीमीटर, चेंडू साधारण २४, तिथेही जवळपास दुप्पटच. कॅरमचा खड्डा तर सोंगटीच्या दीडपटही नसतो. मग पॉकेटला दोष देता येत नाही.

फरक अंतराचा निघाला. समजा पांढरा आणि समोरचा बॉल एक मीटर लांब आहेत, आणि तिथून पॉकेट आणखी एक मीटर. शॉट अगदी सरळ. पॉकेटकडून समोरच्या बॉलला दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन अंशांची मोकळीक मिळते. पण गोल बॉलवर गोल बॉल आदळताना पांढऱ्याच्या दिशेतली चूक मीटरभर अंतरावर सोळापट होते. म्हणजे क्यूच्या दिशेत मला मोकळीक उरते अंशाच्या दहाव्या भागाएवढी. ब्रिजपासून (क्यू ज्यावर टेकवतो त्या पुढच्या हातापासून) टिप २५ सेंटीमीटर धरली तर टोकाशी हे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतं. हा हिशोब मांडला आणि वही बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आता गेल्या आठवड्यातला एक शॉट सांगते. टेबलावर फक्त काळा उरला होता, कोपऱ्याच्या पॉकेटपासून दोन वीत. पांढरा त्याच्या मागे दोन हात, अगदी रेषेत. वाकले, तीनदा क्यू पुढे-मागे केला, नेम मनासारखा होता, मारला. काळा उजव्या जबड्याला लागून बाहेरच राहिला. पांढरा किंचित डावीकडे सरकला आणि तिथेच भिंगरीसारखा फिरत राहिला. आमच्या पांढऱ्यावर लाल ठिपके आहेत, त्यामुळे तो घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतोय हे स्पष्ट दिसत होतं. तसाच शॉट पुन्हा लावला, तर बरोबर आत.

जाणकारांनी कृपया सांगावं:

बॉल हुकल्यावर नेम चुकला की स्ट्रोक, हे वेगळं कसं करायचं? एकटीने सराव करताना आधी पॉटिंग (बॉल पॉकेटमध्ये घालणं) पक्कं करू की पोझिशन (पांढरा पुढच्या शॉटसाठी हव्या जागी आणणं)? आणि दुसऱ्या खेळातून पूलकडे आलेल्या कोणाला असा अडकल्याचा अनुभव असेल, तर तोही वाचायला आवडेल.

प्रतिसाद

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शॉटमध्ये आहे. पांढऱ्याने सगळं सांगितलंय.

सरळ शॉटमध्ये टिप पांढऱ्याच्या मध्यावर लागली आणि पांढरा समोरच्या बॉलवर बरोबर पूर्ण आदळला, तर पांढरा खिळल्यासारखा थांबतो. तो फिरत राहिला म्हणजे टिप मध्यावर लागली नाही. घड्याळाच्या उलट फिरला म्हणजे ती उजवीकडे लागली. उजवीकडे लागलेला पांढरा निघतानाच जरासा डावीकडे ढकलला जातो, याला स्क्वर्ट म्हणतात. म्हणून तो काळ्याला डाव्या अंगाने लागला, काळा उजवीकडे गेला, पांढरा डावीकडे सरकला. तुमचा नेम बहुतेक बरोबरच होता, स्ट्रोकमध्ये क्यू उजवीकडे गेला.

पांढरा न फिरता नुसता बाजूला सरकला असता, तर मी दिशेला दोष दिला असता: नेम तरी चुकला किंवा अख्खा क्यू वाकडा आला. सरळ रेषेतच पुढे किंवा मागे गेला असता, तर टिपची उंची किंवा जोर चुकला. यासाठी काही महिने सरळ स्टॉप शॉटच (पांढरा आदळून जागीच थांबतो तो शॉट) मारा. आधी दोन वीत अंतरावरून, मग हळूहळू वाढवत. बॉल आत गेला तरी नजर पांढऱ्यावरच ठेवा. तो फिरला, तर तो शॉट हुकलेला धरा. तुमची "एकमेकींना झाकणाऱ्या चुका" ही तक्रार इथेच सुटते, कारण पॉकेट फसतं, पांढरा फसत नाही.

आणखी एक. पांढऱ्याच्या जागी पट्टेवाला बॉल ठेवा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत, चाकासारखा. टेबलाच्या लांबीत रिकाम्या कुशनवर हळू मारा. पट्टा न डुगडुगता चाकासारखा गेला आणि बॉल परत तुमच्या टिपपाशी आला, तर स्ट्रोक सरळ. पट्टा डुलला तर साइड बसली. सगळं डोळ्यांना दिसतं, कोणी सांगावं लागत नाही.

कटचा भाग नंतर घ्या. तिथे फक्त एवढं लक्षात ठेवा की हळू आणि स्टन (आदळताना पांढरा पुढे-मागे न गडगडता नुसता घसरत असतो तो फटका) मारलेल्या कटमध्ये बॉल जास्त ओढला जातो, म्हणून तो थोडा जास्त कापावा लागतो.

दुसरा प्रतिसाद

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. पॉटिंग आधी की पोझिशन, असं वेगळं काढूच नका. तुमचाच हिशोब घ्या. मीटरभर अंतरावर चूक सोळापट होते. तेच अंतर अर्ध्या मीटरवर आणलं तर आठपटीच्या आसपास. पांढरा जवळ आणून ठेवला की पुढच्या शॉटची मोकळीक दुप्पट झाली, आणि तीही नेम न सुधारता.

विली मॉस्कोनींनी १९५४ मध्ये आठ फुटी टेबलावर स्ट्रेट पूलमध्ये (कोणताही बॉल घालून एकेक गुण मिळवायचा प्रकार) सलग ५२६ बॉल घातले. पुढे २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ घातले. एवढ्या लांबच्या रनमध्ये प्रत्येक वेळी लांबचा अवघड शॉट घेऊन कोणी टिकत नाही. पांढरा पुढच्या बॉलजवळ ठेवत राहायचं, हेच तिथलं मुख्य काम.

सरावासाठी दोन कोन पक्के करा. स्टन मारला तर पांढरा समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोनात सुटतो. नैसर्गिकपणे रोल होत असेल आणि साधारण अर्धा बॉल लागला, तर आपल्या मूळ दिशेपासून तीसेक अंश वळतो. हे दोन बसले की पांढरा कुठे जाणार ते मारण्याआधीच दिसायला लागतं. टेबलावर तीन बॉल ठेवा, पांढरा हाताने हवा तिथे ठेवून सुरुवात करा, आणि प्रत्येक शॉटआधी पांढरा कुठे थांबणार ते मोठ्याने बोला. तीन जमले की चार.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल पट्टेवाल्या बॉलने वीस शॉट मारले. बारा वेळा पट्टा डुलला, आणि त्यातल्या अकरा वेळा टिप उजवीकडेच लागली होती. म्हणजे चूक एकच आहे आणि ती रोज तीच आहे, हे कळून फार बरं वाटलं. आठ-नऊ महिने मी नेम बदलत बसले होते.

वाकल्यावर क्यू हनुवटीच्या मध्याखाली न येता उजव्या डोळ्याखाली येतो, असंही लक्षात आलं. हे उजवीकडे लागण्याचं कारण असेल का? उद्या मोबाइल टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवून समोरून व्हिडिओ घेते आणि काय दिसलं ते इथेच लिहिते.