एजीएममध्ये लोकांना पटवायचं कसं? (सोलरचा ठराव)

कोथरूडकर_३२
मंडळी, आमची सोसायटी कोथरूडला, ३२ फ्लॅट, बरेचसे पेन्शनर. गच्चीवर १० किलोवॅट सोलर बसवून लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवूया असं माझं म्हणणं, कॉमन मीटरचं बिलच महिन्याला १४ हजाराच्या आसपास येतं. मागच्या एजीएमला प्रोजेक्टर लावून सगळं सांगितलं, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे म्हणजे आपल्याला १ लाख ८० हजार, दिवसाला सरासरी ४० युनिट निघतील, महावितरणचं नेट मीटरिंग (आपली जादा वीज त्यांना जाते आणि बिलातून वजा होते) कसं चालतं, सगळं. तर तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उठले, "गच्चीला भोकं पाडणार, मग गळती लागली की तुम्ही येणार का बादली धरायला?" झालं! सगळे हसले आणि विषय पुढच्या वर्षावर. हे वक्तृत्व वगैरे आता या वयात शिकता येतं का हो?

निवृत्त_मास्तर
येतं की. अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितलीत, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. तुम्ही तिसरं एकटंच घेऊन गेलात, काकांनी एका वाक्यात दुसरं वापरलं. आणि बादली सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसली, किलोवॅट कोणाला दिसतो?

आपल्याकडे शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही इतकं नीट की त्याने मान डोलवावी, आणि मग त्याला उत्तर. तुम्ही सुरुवातच अशी करा, "गळतीची भीती रास्त आहे, वरच्या मजल्यावर आत्ताच ओल येते, म्हणून आधी त्याचंच बोलतो." भोकं न पाडता काँक्रीटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर उभं करता येतं, फक्त वजन आणि वारा स्लॅबला झेपतो का हे इंजिनियरकडून तपासून घ्या. त्याचं पत्र हातात धरून बोला. काकांना उठून बोलायला काही शिल्लकच ठेवू नका. आणि १४ हजार म्हणू नका, फ्लॅटमागे साधारण ४३७ रुपये म्हणा, तो आकडा प्रत्येकाच्या खिशातला आहे.

माजी_सेक्रेटरी
मास्तरांचं बरोबर आहे पण मीटिंग मीटिंगच्या आधीच जिंकायची असते 😄 विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात टाकला असेल तर विसरा, तोपर्यंत निम्मे लोक चपला घालून उभे असतात. नोटिशीत रीतसर छापून घ्या. सूचक तुम्ही होऊ नका, बिल्डिंगमध्ये एखाद्या काकू असतीलच ज्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नाही, त्या सूचक, तुम्ही अनुमोदक. आणि त्या काकांकडे आधी एकटे जा, चहा प्या, प्रोजेक्टर नेऊ नका. चारचौघात बोललेलं कोणी मागे घेत नाही, घरात घेतात.

तिरकस_पुणेकर
म्हणजे थोडक्यात गोड बोलून गुंडाळायचं. मग राजकारणी काय वेगळं करतात?

निवृत्त_मास्तर
फरक आहे ना. न्यायसूत्रात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार दिलेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला, जल्प फक्त जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची पाडायची, बादलीवाले काका तिथे बसतात. तुमचा आक्षेप जल्पाला लागू पडतो. पावसाळ्यात युनिट कमी पडतात हे लपवलं तर ती फसवणूकच. कोणी विचारायच्या आधी आपणच सांगितलं तर पुढच्या आकड्यांवरही लोक विश्वास ठेवतात, म्हणजे ते प्रामाणिकही आणि फायद्याचंही.

तिरकस_पुणेकर
बरं, एवढं मान्य. वितंडा शब्द मात्र आमच्या ग्रुपवर लगेच वापरणार.

कोथरूडकर_३२
काकांकडे जाऊन आलो. त्यांचा सोलरला विरोध नाहीच, आधीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं होतं, राग तो आहे, आणि मीटिंगमध्ये हे कोणी विचारलंच नव्हतं! ते म्हणतात १० वर्षांची लेखी गॅरंटी आणा, अनुमोदन मी देतो. आता व्हेंडर ५ च्या पुढे सरकत नाहीये. कोथरूड-वारजे भागात १० वर्षं लिहून देणारं कोणी माहितीये का?