काजूच्या फेणीचा दर्प : फळाचा गंध की गाळपातील दोष?

सावंतवाडीकर (प्रश्न)
नमस्कार. या हंगामात गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका लहान, परवानाधारक भट्टीला भेट देण्याचा योग आला. मालकांनी आधी हुर्राक (काजूफळाच्या रसाच्या पहिल्या गाळपातील, म्हणजे ऊर्ध्वपातनातील, सौम्य मद्य) आणि मग मागच्या वर्षीची फेणी (दुसऱ्या गाळपातील कडक मद्य) चाखायला दिली. हुर्राकात पिकलेल्या बोंडूचा (काजूफळाचा) गोडसर वास लगेच ओळखू आला. फेणीचा दर्प मात्र इतका उग्र होता की त्यामागे फळ आहे की गाळपातील उणीव, हे मला ठरवता आले नाही. ज्या आदराने द्राक्षांची किंवा सफरचंदाची ब्रँडी चाखली जाते, त्याच आदराने आपल्या किनाऱ्यावरचे हे पेय चाखावे, अशी मनापासून इच्छा आहे. ते कसे चाखावे आणि 'पहिल्या धारेची' तीच उत्तम या समजात किती तथ्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वेंगुर्ल्याचा बागायतदार
फेणीचा गुण भट्टीआधी बागेत ठरतो. बोंडू झाडावरून तोडायचा नसतो. पूर्ण पिकून आपोआप पडलेले फळच गोळा करायचे आणि बी वेगळी करून त्याच दिवशी रस काढायचा, कारण उन्हात पडून राहिलेले फळ लगेच आंबते आणि तो आंबूसपणा शेवटपर्यंत जात नाही. रस सुमारे तीन दिवस नैसर्गिकरीत्या आंबतो. त्यानंतर पहिल्या गाळपात हुर्राक मिळतो, ज्यात साधारण १५ टक्के मद्यार्क असतो. दुसऱ्या गाळपानंतरच्या फेणीत हे प्रमाण ४२ ते ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे तुम्हाला जाणवलेल्या उग्रपणाचा काही भाग निव्वळ तीव्रतेचा आहे, त्याला दोष म्हणता येणार नाही. बोंडू खाताना घसा धरणारा तुरटपणा टॅनिनमुळे येतो आणि टॅनिन वाफेबरोबर वर जात नसल्याने तो फेणीत उतरत नाही. वर येतात ती फळाची गंधद्रव्ये, आणि बोंडूच्या रसात ती मुळातच तीव्र असतात.

मडगावचा चाखणारा
आता पहिल्या धारेविषयी. गाळप सुरू होताच प्रथम येणारा अंश अतिशय तीव्र असतो आणि त्यात लवकर उडून जाणारी द्रव्ये एकवटलेली असतात. नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास आला, तर हा अंश पुरेसा वेगळा काढला गेला नाही किंवा रस जास्त आंबला, असे समजावे. शेवटच्या अंशाला ओल्या पुठ्ठ्याची, तेलकट अशी छटा असते. काळजीपूर्वक काम करणारा भट्टीवाला हे दोन्ही अंश वेगळे काढून मधला भाग घेतो. म्हणून पहिल्या धारेचे कौतुक मला कधीच पटलेले नाही. त्यात कौतुक होते ते फक्त कडकपणाचे. बाटली हलवून बुडबुडे पाहण्याची जुनी रीतही मद्यार्काचा अंदाज देते, शुद्धतेविषयी काही सांगत नाही.

चाखताना तोंडाशी निमुळता होणारा लहान पेला घ्यावा, त्यात २० ते ३० मिलिलिटर फेणी ओतून ती थोडा वेळ तशीच राहू द्यावी आणि नाक पेल्यात न खुपसता थोडे दूर धरून तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. मग छोटा घोट जिभेवर फिरवून सावकाश गिळावा. त्यानंतर अगदी थोडे पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. जळजळ ओसरली की चांगल्या फेणीत पिकलेला, काहीसा अतिपक्व बोंडू आणि इतर फळांच्या छटा जाणवतात. सदोष फेणीत पाणी घातल्यावर तो दोषच अधिक उघडा पडतो. माझा सगळा भर या दुसऱ्या वासावर असतो. रिकामा झालेला पेलाही काही वेळाने हुंगावा, कारण त्यात उरलेला गंध फळाचा असेल तर मधला भाग नीट घेतला गेला, असा विश्वास वाटतो.

दोडामार्गकर
एक गंभीर बाब जोडतो. मिथेनॉल (विषारी मद्यार्क) वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, त्यामुळे वरील कोणतीही पारख सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. बेकायदा भट्टीची दारू 'चाखून पाहू' म्हणूनही घेऊ नये. बाटलीवर उत्पादकाचा परवाना आणि मद्यार्काचे प्रमाण छापलेले असावे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, त्यामुळे लेबल वाचण्याचा आग्रह धरणे आता सोपे झाले आहे. बाटली गोव्याच्या सीमेपलीकडे आणायची असल्यास नियमाप्रमाणे परवाना घ्यावा.

सावंतवाडीकर
मनःपूर्वक आभार. फेणी लाकडी पिंपात मुरवली तर ती अधिक चांगली होते का?

मडगावचा चाखणारा
परंपरेने ती काचेच्या मोठ्या बरण्यांत ठेवतात. काच स्वतःची चव देत नाही, त्यामुळे बोंडूचा गंध बोंडूचाच राहतो. लाकडामुळे व्हॅनिलासारखी गोडी येते आणि काहींना ती आवडते, परंतु फेणीची ओळख करून घेताना प्रथम काचेत ठेवलेलीच चाखावी, असे माझे ठाम मत आहे. हुर्राक मात्र साठवण्याच्या फंदात पडू नये. तो हंगामातच, ताजा घ्यायचा असतो.