स्पोलियाला मराठीत काय म्हणायचं?

ओटी: आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचा एक पाठ मराठीत करतेय. पाडलेल्या वाड्यातला खांब, तळखडा (खांबाखालचा दगड), नाहीतर खिडकीची चौकट मुलांना द्यायची आणि त्या तुकड्यापासूनच नवी रचना सुरू करायला लावायची. अशा तुकड्यांना स्पोलिया म्हणतात. मी 'अवशेष' लिहिलं, सहकारी म्हणाला अवशेष जपतात, वापरत नाहीत. पटलं, पण मग काय लिहू?

पाथरवट: लॅटिन स्पोलियम म्हणजे जनावराची सोललेली कातडी, त्यावरून शत्रूच्या अंगावरून काढून घेतलेली हत्यारं, म्हणजे लूटच. रोमला कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर (इ.स. 315) ट्रेजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या काळातली शिल्पं काढून बसवलीत, तिथे लूट चालेल. मुलांच्या पाठात नको.

माजघर: 'मोड' घ्या की. सोनाराकडे मोड देतोच आपण.

पाथरवट: मोड वितळते हो. इथे तर खांबाचं खांबपण राहिलं पाहिजे, जुन्या खाचा दिसल्या पाहिजेत, त्यांच्याशीच तर मुलांनी झगडायचंय.

माजघर: हे बरोबर. मग ऐका, आमच्या गावात लाकडी वाडा पाडला असं म्हणत नाहीत, उतरवला म्हणतात. तुळया, कडीपाटाचे पाट सगळं एकेक सोडवून खाली घ्यायचं. आजोबांचं घर अशाच लाकडावर उभंय, मधल्या खांबाला दुसऱ्याच कुणाच्या खुंट्यांची भोकं आहेत, लहानपणी मी त्यात बोटं घालून बसायचे. घडीव, कोरीव तसं 'उतरीव' म्हणा!

ओटी: उतरीव!! फार आवडला.

शब्दार्थी: कोशात नाही. असे शब्द पाडायला लागलो तर विद्यार्थ्यांना परीक्षेत कळणार काय? स्पोलियाच ठेवा, टेबल ठेवलं तसं.

माजघर: सुतारांच्या तोंडचे निम्मे शब्द कोशात नाहीत, म्हणून ते मराठी नाहीत का?

पाथरवट: चीनच्या वांग शूचं काम मुलांना जरूर दाखवा. हांगचौच्या कला अकादमीचं शियांगशान संकुल, छपरांवर पाडलेल्या घरांची वीस लाखांहून जास्त कौलं. आणि तो तिथेच आर्किटेक्चर शिकवतो. 2012 चं प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक, त्यालाच मिळालं. पण कौलं उतरीव म्हणायची का? ती तर कायम उतरवतातच, शाकारणीला.

शब्दार्थी: कौल मुळात अरबी, शब्द किंवा वचन.

माजघर: तो देवाचा आणि निवडणुकीचा कौल. छपराचं वेगळं, मला वाटतं ते संस्कृत कपालावरून, म्हणजे कवटीवरून आलं असावं, आकार बघा ना.

शब्दार्थी: कपालाचं कवाल, मग कौल? मधलं रूप कुठे सापडलंय का?

माजघर: आमच्याकडे म्हातारी माणसं 'कवलं' म्हणतात, 'कवलारू घर' म्हणतात. आणखी कुणाकडे म्हणतात का?