कासेलचे 'हेसियन' भाडोत्री की विकलेले?

कासेलवासी: दोन वर्षं जर्मनीत कासेलला राहतोय. फ्रीडरिखप्लाट्झवर रोज ज्याच्या पुतळ्यापाशी डबा खातो, त्या लांडग्राफ (हेसे-कासेल या जर्मन संस्थानाचा राजा) फ्रीडरिख दुसऱ्यानं म्हणे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांना सैन्य पुरवलं. त्या 'हेसियन' शिपायांना भाडोत्री म्हणायचं का?

जुनंखोड: भाड्यानं दिलेले म्हणा! १७७६ पासून सुमारे ३० हजार जर्मन गेले, निम्म्याहून जास्त हेसे-कासेलचे. शिपायाला पगार मिळे, पण करार राजांचा आणि ठोक रक्कम दरबारात. ब्राउनश्वाइग या दुसऱ्या जर्मन संस्थानाच्या करारात तर भरपाईसाठी तीन जखमी म्हणजे एक मेलेला, असा हिशेब. सावकारही लाजेल!

वाचनवेडा: ट्रेंटनची लढाई विसरू नका. २६ डिसेंबर १७७६ ला वॉशिंग्टननं रात्रीतून डेलावेअर नदी ओलांडून तिथल्या हेसियनांना गाठलं. त्यांचा सेनानी कर्नल राल प्राणघातक जखमी, सुमारे ९०० कैद. सगळे नाताळची पिऊन पडले होते, ही मात्र लोणकढी.

कासेलवासी: परतले किती?

जुनंखोड: सतराएक हजार. साडेसात हजारांच्या आसपास मेले, बहुतेक रोगराईनं. बाकीचे तिथेच राहिले. अमेरिकन काँग्रेसनं पळून येणाऱ्याला ५० एकर जमिनीचं आमिष दाखवलं होतं, शिवाय पेनसिल्व्हेनियात शेजारी जर्मन बोलणारे. मीसुद्धा परतलो नसतो.