कसारा घाटात ईव्हीचं रीजन गायब, ब्रेकचा जळका वास – मदत हवी आहे (अर्जंट)

गाडीवान_पाथर्डीफाटा

मंडळी लवकर सांगा, शनिवारी परत त्याच रस्त्याने जायचंय. परवा सकाळी मुंबईला निघालो होतो, आई, बायको आणि डिकीत द्राक्षाच्या दोन पेट्या. कसारा घाट लागला, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी नेहमी जी स्वतःहून आवळते ती आवळेचना, सुसाट सुटली. स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन (पाय सोडला की मोटरच गाडी धरते आणि ती वीज बॅटरीत भरते ते) ३ वर नेलं तरी शून्य फरक. मग काय, अख्खा घाट ब्रेकवर. खाली आलो तर पुढच्या चाकांतून जळका वास, आईने पदर नाकाला लावलेला, मी रिमजवळ हात नेला तर वीतभर लांबूनच धग लागली. बाटलीतलं पाणी ओतणार तेवढ्यात शेजारचा ट्रकवाला ओरडला, पाणी टाकू नका भाऊ, डिस्क तडकेल. अर्धा तास तसेच उभे.

घाट कसा उतरायचा हे प्लीज शिकवू नका, आठ वर्षं पोलो जीटी टीएसआय चालवलीय. मॅन्युअल मोडला दुसरा गिअर टाकला की इंजिनच धरून ठेवायचं, ब्रेकला नुसता पाय टेकवायचा. ईव्हीत तेच काम रीजन करतं म्हणून तर घेतली (खरं तर बायकोने घ्यायला लावली, ते सोडा). मागच्या महिन्यात याच घाटात मस्त चाललं होतं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो 'फॉल्ट कोड नाही सर, सगळं नॉर्मल'. मोटर गेली का? की इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देतो तो)?

शंकासूर

गाडी कोणती? किती किमी झाली? चार्ज किती होता? स्क्रीनवर काही आलं का?

गाडीवान_पाथर्डीफाटा

नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की कंपन्यांची भांडणं सुरू होतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. ११ हजार किमी. चार्जचा काय संबंध, भरपूर होता. स्क्रीनवर काहीतरी पिवळं आलं होतं, घाटात वाचत बसू का?

टर्बोतात्या

पोलो विकलीस तिथेच चुकलास. १०५ पीएस, वजन अकराशे किलोच्या आतबाहेर, त्या गाडीशी बोलता यायचं. २०२२ ला कंपनीने बंद केली तेव्हा माझ्या घरात सुतक होतं. ईव्ही म्हणजे चाकं लावलेला मिक्सर, बटण दाबलं की फिरतो. मी कोईमतूरच्या करी ट्रॅकवर मित्राची स्पोर्ट्स कार चालवलीय, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना टाच मारून रेव्ह (इंजिनाचे फेरे) जुळवायची, ते जमलं की अंगावर काटा येतो. तुमच्या गाडीला गिअरच एक, टाकणार काय आणि कुठून. विका आणि चांगली मॅन्युअल घ्या.

वीजवेडा

तात्या, पोर्शे टायकानला मागच्या ॲक्सलवर दोन गिअर आहेत, आणि रोजच्या वापरातलं ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते असं पोर्शे स्वतः सांगते. तिथे मिक्सर म्हणायची हिंमत आहे का?

टर्बोतात्या

आहे. महाग मिक्सर. आणि त्या ह्युंदाई आयोनिक ५ एनमध्ये खोटे गिअर नि खोटा आवाज दिलाय, म्हणजे त्यांनाही कळतंय की मजा कशात होती.

सातपूरचा_फिटर

भांडा नंतर. वास आला म्हणजे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले असू शकतात, चाक काढून बघून घ्या. ब्रेक फ्लुइड कधी बदललं? डॉट ४ हवेतली ओल ओढतं, त्याने उकळायचा बिंदू खाली येतो, आणि घाटात ते उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. दोन वर्षांनी बदलायचं असतं, लोक तेलाचा हिशोब ठेवतात याचा नाही. ईव्हीला आणखी एक, रोज रीजनवर चालवल्याने डिस्क वापरातच येत नाहीत, पावसाळ्यात गंज धरतात. माझ्याकडे येणाऱ्या ईव्हींचे पॅड नव्यासारखे आणि डिस्कवर गंजाचे चट्टे. आठवड्यातून एकदा जरा जोरात ब्रेक मारत जा.

चालू_नाशिककर

मी तर उतारावर सरळ न्यूट्रल करतो, एक टक्का पण बॅटरी जात नाही 😎

सातपूरचा_फिटर

असलं सांगू नका हो. न्यूट्रलमध्ये पेट्रोल गाडीचं इंजिन धरत नाही आणि ईव्हीचं रीजन लागत नाही, म्हणजे दोन्हीकडून सगळा भार ब्रेकवर. याने तेच घाबरून विचारलंय आणि तुम्ही तेच औषध म्हणून देताय.

महामार्गमित्र

कसाऱ्याने जाताच कशाला? जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरीहून पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू आहे, जवळजवळ ८ किमीचा जुळा बोगदा, घाट कधी संपला कळत नाही. ईव्हीला टोलमाफी पण जाहीर केलीय. फक्त इंदिरानगरहून द्वारका सर्कल पार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बोगदा दोनदा होईल. कुंभमेळ्याच्या नावाखाली अख्खं शहर उकरून ठेवलंय, त्यावर कोणी धागा काढत नाही.

गाडीवान_पाथर्डीफाटा

अरे मी रस्ता विचारला का?? रीजन का बंद झालं ते विचारलंय.

शंकासूर

चार्ज किती होता?

गाडीवान_पाथर्डीफाटा

भरपूर होता सांगितलं ना, रेंजचा प्रश्नच नाही.

बँकर_निवृत्त

मी रेल्वेत होतो, गाडीतलं फार कळत नाही, पण कसारा-इगतपुरी उभा जन्म वरखाली केलाय. १:३७ चा (३७ मीटरला एक मीटर) चढ आहे, मागून बँकर म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लावल्याशिवाय आमच्या वेळी गाडी वर यायची नाही. उतरताना विजेचं इंजिन मोटरचं जनरेटर करून वेग धरतं, तेच तुमचं रीजन. डीसीच्या जमान्यात, १५०० व्होल्टच्या वायरीत, एक गोम होती. तयार झालेली वीज ओढणारी दुसरी गाडी जवळपास हवी. कोणी घेणारंच नसेल तर वीज जाणार कुठे, मग रीजन लागत नाही. तुमच्या गाडीत घेणारी एकटी बॅटरी. म्हणून विचारतो बाळा, आदल्या रात्री गाडी कुठे उभी होती?

गाडीवान_पाथर्डीफाटा

इगतपुरीला, मामाकडे. आईला एका दिवसात एवढा प्रवास झेपत नाही म्हणून तिथे मुक्काम करतो. रात्रभर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावून ठेवली, सकाळी १०० टक्के. मामाने वर 'टाकी फुल करून दिली' म्हणून चेष्टा पण केली.

शंकासूर

🙏🙏 हेच दोनदा विचारलंय.

बँकर_निवृत्त

झालं तर मग. भरलेल्या हंड्यात वरून आणखी पाणी ओतणार का?

वीजवेडा

काकांनी बरोबर पकडलं. बॅटरी पूर्ण भरली की सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलेला असतो, आणखी करंट ढकलला तर सेल खराब होतात, म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) रीजन कमी करते किंवा बंदच करते. पिवळा मेसेज बहुतेक तोच. इगतपुरीची जानेवारीतली पहाट म्हणजे बॅटरी थंडही असणार, थंड बॅटरी पण करंट कमी घेते. मागच्या महिन्यात नाशिकहून सरळ गेला असाल, घाटापर्यंत पन्नासेक किमीत १५ टक्के तरी उतरली, जागा झाली, रीजन चाललं. मोटर, इन्व्हर्टर सगळं ठणठणीत आहे.

आता हिशोब. गाडी धरून माणसं, सामान, द्राक्षं मिळून १९०० किलो, उतार साधारण ३०० मीटर. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे साधारण ५६ लाख जूल, म्हणजे दीड युनिट वीज. त्यातली काही वारा आणि टायर खातात, तरी ४० युनिटच्या बॅटरीत चार टक्क्यांच्या आत मावते. तुम्ही ती दीड युनिट डिस्कमध्ये जाळली, हजार वॉटची इस्त्री दीड तास चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होते ती दहा-पंधरा मिनिटांत. वास येणारच. मामाकडे ८५ ला चार्जिंग थांबेल असं सेट करा, ॲपमध्ये लिमिट असतं.

टर्बोतात्या

म्हणजे टाकी भरली म्हणून ब्रेक गेले. पेट्रोलच्या गाडीत असं कधी ऐकलंय का? मुद्दा सिद्ध.

वीजवेडा

ब्रेक गेले नाहीत तात्या, ब्रेकनेच खाली आणलं. आणि तोच घाट चढताना तुमच्या पोलोचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोणता गिअर टाकू याचा विचार करत असतो तोवर ईव्ही पुढच्या वळणाला गेलेली असते.

गाडीवान_पाथर्डीफाटा

हे मात्र खरंय, पोलोवर जीव असूनही कबूल करतो. चढाला ट्रकच्या मागे अडकलो, जागा मिळाली, पाय दाबला की आवाज नाही काही नाही, थेट पुढे. उतरताना मात्र पोलोची आठवण येते. तिथे इंजिनचा आवाज सांगायचा किती वेग झाला, इथे काटा बघितल्याशिवाय कळतच नाही आपण ऐंशीवर आहोत.

धुरळा_१९

चढ-उताराचं काय घेऊन बसलात, नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा कच्च्या रस्त्याला कडेला उभं राहून बघितलंय कोणी? गाडी आडवी होऊन वळणातून यायची, दात खडीने करकरायचे. ते ड्रायव्हर रीजन विचारत नव्हते.

मिसळ_मागवा

परत येताना घोटीच्या अलीकडे मिसळ कुठे चांगली मिळेल? पार्किंग पाहिजे.

सातपूरचा_फिटर

हा धागा ब्रेकचा आहे. (घोटीत नको, गंगापूर रोडला या.)

गाडीवान_पाथर्डीफाटा

अपडेट. पॅड काढून पाहिले, जरा चकाकत होते, घासून बसवले, डिस्क ठीक. फ्लुइडही बदललं. शनिवारी मामाकडे ८५ वर थांबवली, मामा नाराज, 'आमच्या विजेची लाज वाटते का' म्हणाला. घाटात रीजन ३ वर एकदम कडक लागलं, ब्रेक फक्त दोन वळणांवर आणि एका रिक्षामागे. खाली चार्ज ८३ दाखवत होता, वर ८२ होता. बँकर काका आणि वीजवेडा, खूप आभार. शंकासूर, सॉरी यार.

एकच नवीन भानगड. पाय सोडला की गचका, ठेवला की ओढ, असं अख्खा घाट चाललं आणि कसाऱ्याला आईला उलटी झाली. पोलोत आठ वर्षांत एकदाही नाही. यावर काय?

वीजवेडा

३ वर ठेवू नका, घाटात २ करा आणि पाय झटक्यात सोडू नका, हळूहळू उचला. सवय व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

बँकर_निवृत्त

आईला पुढे बसव. आणि आवळासुपारी दे.

शंकासूर

आता तरी गाडी कोणती ते सांगा.