विषय: मॅकरिचीची सहल आणि डब्यांचा प्रश्न

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.
या वेळची सहल इथे सिंगापुरातच, मॅकरिची जलाशयावर न्यायचं समितीत ठरतंय. रविवारी सकाळी कारपार्कजवळ जमायचं, सगळ्यांनी मिळून ट्रीटॉप वॉक या झुलत्या पुलापर्यंत चालायचं आणि तिथेच सावलीत अंगतपंगत करायची, असा बेत आहे. बऱ्याच जणांचे आई-बाबा भारतातून आलेत, लहान मुलंही भरपूर आहेत. कोण काय आणणार ते याच मेलवर कळवा.

—

उत्तर: मॅकरिचीची सहल आणि डब्यांचा प्रश्न

ताई, जागा फार छान निवडलीत. पण अंगतपंगत तिथे नको, आणि सगळ्यांना एकाच वाटेने नेऊही नका.

आधी डब्यांचं. तिथल्या लांब शेपटीच्या माकडांना प्लॅस्टिकची पिशवी पक्की ओळखीची झाली आहे. पिशवी चुरचुरली की कठड्यावरचं माकड मान वळवतं, सरकत जवळ येतं आणि आत काय आहे हे न बघताच पिशवीला हात घालतं. लोकांनी खायला घातलं म्हणूनच त्यांना ही सवय लागली. सिंगापुरात वन्य प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे. पहिल्या वेळीच ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय माणसांना सरावलेलं माकड आक्रमक झालं तर शेवटी भोगावं लागतं त्या माकडालाच. म्हणून घरून पोटभर नाश्ता करून निघू या, आणि जेवण चालणं संपल्यावर दुसरीकडे कुठेतरी ठेवू या. सोबत फक्त पाणी, तेही बंद सॅकमध्ये. हातात पिशवी नको.

मुलांना आधीच सांगून ठेवा: माकड समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही (त्यांच्यात ती धमकी असते), ओरडायचं नाही, पळायचं नाही. सॅक पोटाशी धरायची आणि हळूहळू पुढे जायचं.

आता वाट. ट्रीटॉप वॉक म्हणजे दोन टेकड्यांमधला २५० मीटरचा झुलता पूल. २००४ साली तो खुला झाला. सर्वांत उंच जागी तो जमिनीपासून साधारण २५ मीटरवर आहे आणि झाडांचे शेंडे आपल्या पायांखाली दिसतात. नेमकं इथेच लोक फसतात: पुलावरून एकाच दिशेने जाता येतं. पूल ओलांडला की परत फिरता येत नाही, आणि पुढे लाकडी पायऱ्यांची लांबलचक चढउतार आहे. व्हीनस ड्राइव्ह या रस्त्याच्या बाजूने निघालं तर जाऊन-येऊन साधारण सात किलोमीटर होतात. जलाशयाच्या मुख्य बागेतून पूर्ण फेरी मारायची तर दहाच्या वर जातं. दमट हवेत साठीच्या पुढच्या माणसाला, तेही नुकतंच विमानातून उतरलेल्या, हे झेपेल असं धरून चालू नका.

म्हणून माझं म्हणणं, दोन गट करा. चालणारे व्हीनस ड्राइव्हवरून पुलाकडे. ज्येष्ठ आणि लहान मुलं मुख्य बागेत: तिथे पाण्याकाठी सपाट जागा आहे, बसायला बाकं आहेत, आणि चेम्पेराई नावाची फळ्यांची वाट पाण्याला अगदी लागून जाते. हवं तितकं जायचं, मागे फिरायचं. तिथे घोरपड पोहताना दिसते. फक्त डोकं आणि शेपटीची लाट वर, बाकी सगळी पाण्याखाली. माझ्या मते पुलापेक्षा हीच वाट जास्त सुंदर आहे.

हे जंगल टिकलं ते पाण्यामुळे, हेही मुलांना सांगा. १८५७ मध्ये तान किम सेंग या व्यापाऱ्याने शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून १३,००० डॉलर दिले होते. जलाशय बांधून झाला १८६८च्या सुमारास. पुढे तो वाढवून घेणारे पालिकेचे अभियंता जेम्स मॅकरिची, त्यांचं नाव त्याला १९२२ मध्ये मिळालं. सभोवतालचं पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावं म्हणून तिथली झाडी राखली गेली. सिंगापूरच्या मधोमध एवढं अरण्य उरलं ते त्यामुळे. म्हणूनच पाण्यात उतरायला बंदी आहे. कोणीही हात-पाय धुवायलासुद्धा काठावर जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

– थॉमसनकडचे काका

—

उत्तर: उत्तर: मॅकरिचीची सहल आणि डब्यांचा प्रश्न

काका, आमच्या सासूबाईंना पूल बघायचाच आहे. गुडघे ठीक आहेत, रोज चालतात. त्यांना न्यावं का? आणि पाऊस आला तर?

—

उत्तर: उत्तर: उत्तर: मॅकरिचीची सहल आणि डब्यांचा प्रश्न

रोज चालत असतील तर जरूर न्या. पुलाच्या अलीकडे रेंजर स्टेशन (वनरक्षकांची चौकी) आहे, तिथे स्वच्छतागृह आहे. थांबा, पाणी प्या, त्यांना कसं वाटतंय ते विचारा. मागे फिरायचं तर तिथूनच, पुलावर पाऊल टाकण्याआधी. पुढे पायऱ्या लागल्यावर घाई करू नका, मागच्यांना वाट द्या.

पावसात पूल बंद करतात. गडगडाट ऐकू आला की कोणीही पुढे जायचं नाही, मग पूल दहा मिनिटांवर असला तरी. इथल्या विजा हलक्यात घेण्यासारख्या नाहीत. दुपारी सरी येतात, तेव्हा सकाळी लवकर निघालेलं बरं. शनिवार-रविवार पूल साडेआठला उघडतो. एक लक्षात असू द्या, सहल पुढे ढकलावी लागली तर सोमवार धरू नका. सार्वजनिक सुट्टी नसेल तर पूल सोमवारी बंद असतो.

—

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: मॅकरिचीची सहल आणि डब्यांचा प्रश्न

काका, मनापासून आभार. डब्यांची यादी रद्द. त्याऐवजी दोन याद्या करते, 'पूल' आणि 'पाणकाठ'. प्रत्येक कुटुंबाने कोण कोणत्या गटात ते बुधवारपर्यंत कळवावं. पाणकाठच्या गटाबरोबर थांबायला दोन तरुण स्वयंसेवक हवेत. ज्यांना पूल आधीच बघून झालाय त्यांनी कृपया नाव द्या. जेवणाची जागा ठरली की वेगळी मेल टाकते.

– सहल समितीतर्फे