आल्टो सॅक्सोफोनच्या अंगठ्याच्या हुकाला काय लावू?

आल्टोवाला_मिरज: लग्नसराईत रोज चार तास उभ्यानं आल्टो वाजवतो. उजव्या अंगठ्याला नखाशेजारी वाद्याला खालून आधार द्यायचा हुक रुतून घट्टा पडलाय, आता तर सकाळी चहाचा कप धरतानाही कळ येते. डावीकडे उलटंच दुखणं: पंजा मोठा, त्यामुळे वरच्या डी, ई फ्लॅट, एफ या सुरांच्या, तळहातानं दाबायच्या कीज फार खोल वाटतात. एम-सील थापू का?

रीडतुटकी: अहो, थांबा! एम-सील वाळलं की दगड. काढताना पितळेवरचं चकचकीत लॅकरही घेऊन जाईल. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे पांढरे दाणे मागवा. साधारण ६० अंशांच्या पाण्यात काचेसारखे पारदर्शक होतात. चमच्यानं काढा, पाणी टिपा, मग मळा. हुकावर आधी प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळा. पट्टा गळ्यात घालून, वाजवता तसं उभं राहून अंगठा टेकवा. चुकलं तर गोळा परत पाण्यात. गोळाच, सॅक्स नव्हे! कीजखालचे, छिद्रं झाकणारे पॅड चामड्याचे असतात, पाण्यानं खराब होतील.

जुनाबँडवाला: आधी पट्टा दोन बोटं वर घ्या. वजन गळ्यानं पेलायचं, अंगठ्यानं फक्त तोल धरायचा. निम्मे लोक इथंच चुकतात.

आल्टोवाला_मिरज: पट्टा खरंच खाली होता, लाज वाटली. हुकाला खोलगट बशी जमली, तिसऱ्या खेपेला. एफच्या कीवर तीन मिलिमीटरचा थर दिलाय, मनगट वळवावं लागत नाही. ई फ्लॅटवर थर जास्त झाला, ती की आपोआप दबत होती, म्हणून ब्लेडनं तासला. बंद गाडीत उन्हात ठेवलं तर मऊ पडेल का?

रीडतुटकी: पडेल. आणि मिरजेच्या मे महिन्यात सॅक्स गाडीत ठेवताच कशाला?